तिसरं पायडल

हुडकेश्वर, नागपूर
१४ डिसेंबर २०२४

प्रिय मेघाताई,
सप्रेम जय भीम.

दिवाळीपासून पत्र नाही, फोनवरही हो-नाही एवढंच बोललो. माफ कर. फोन येतो तेव्हा बाबा समोर बसलेले असतात आणि बोलायचं असतं त्यांच्याबद्दलच.

त्यांची तब्येत बरी आहे. पोलिओचा डावा पाय थंडीत जास्त आखडतो. नजरेचा विषय मात्र काढू देत नाहीत.

बाबांची जुनी मर्सिडीज दुरुस्तीहून परत आली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. वाडीच्या ओमप्रकाश मिस्त्रीने भंगारातून जुन्या ट्रॅक्स जीपचा गिअरबॉक्स आणून बसवला. आता हाताने गिअर टाकायचे. क्लच आला.

क्लच डाव्या पायाने दाबतात, ताई.

जुना बॉक्स गेलेला नव्हता. "सील बदललं की चालते ना साहेब, काहून फेकता?" ओमप्रकाशने विचारलं होतं. मी म्हटलं, बदलाच.

बाबांच्या गाडीच्या बंपरखाली त्या भाजीवाल्या बाईचा हात मोडला तेव्हा तू म्हणालीस, "चावी काढून घे." पुण्यात बसून हे म्हणणं सोपं आहे. ज्याला कोणी सायकलसुद्धा शिकवली नाही, त्या माणसाने दोन पायडलची गाडी शोधून आणली आणि आपल्या दोघांना शाळेत सोडलं. त्याच्यापुढे हात पसरून चावी मागायची होती ती मला.

त्या बाईसाठी केलं, असं मी स्वतःला सांगतो. पण पोलीस चौकीच्या बाकड्यावर पुन्हा बसायची लाज त्यात किती होती, हे मला खरंच ठरवता येत नाही.

गाडी आली तेव्हा बाबांनी दार उघडून काठीने खाली चाचपलं.

"तीन?"

"हो बाबा. ऑटोमॅटिकचा पार्ट मिळतच नाही."

"अरे बाप्पा! गाडीले तिसरा पाय फुटला, अन् मले अजून दुसरा नाही!"

ते हसले. मीही हसलो. वाटलं, मिटलं.

तेव्हापासून गल्लीत सांगत असतात, "पोरानं गाडी भंगारात जाऊ देली नाही." मी आत निघून जातो.

आज दुपारी ओमप्रकाशचा फोन आला. "बाबूजींनी हाताचा क्लच सांगितला ना साहेब. स्टीअरिंगजवळ दांडा येते. सोमवारी लावून देतो."

खाली धावलो. बाबा बंद गाडीत बसून झाडूच्या दांड्याने क्लच दाबत होते, दुसऱ्या हाताने गिअर शोधत होते.

"मेघाले पत्र लिहून राहिला ना? तिले सांग, बाप पुन्हा शिकून राहिला. अन् तू काहून उभा गा? बस बाजूले."

बसलो. समोर फाटकाशी शेजारच्या कुसुमताई खुर्ची टाकून ऊन खात होत्या.

"बाबा, समोर कोण आहे?"

त्यांनी काचेकडे तोंड नेलं. दांडा तसाच दाबून धरला होता.

"कोणी तं नाही," म्हणाले. "मोकळा हाय रस्ता."

ताई, या वेळी तू काही सुचवू नकोस.

बाबांची गाडी वाचवणारा गुणी मुलगा,
धम्मानंद

उद्या: चहाच्या आधी, खरं कारण सांगून, बाबांकडे चावी मागणे.