आत ओढलेला काठ

सर,

सातवीच्या भूगोलाचे तास तुम्ही वर्गात फारसे घेतलेच नाहीत. शहराच्या जुन्या मकाई दरवाज्यापासून बारापुल्ला दरवाज्यापर्यंत खाम नदीच्या काठाने आम्हाला चालवायचात आणि पावलं मोजून नकाशा काढायला लावायचात. पाणचक्कीपाशी थांबून, डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून तिथवर कसं येतं ते सांगायचात. हीच नदी पुढे पैठणच्या अंगाला गोदावरीला मिळते, हेही. नदीचा काठ मात्र पाण्याच्या कडेला काढू द्यायचा नाहीत. मोठा पूर कुठवर आला होता ते काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आणि तिथे रेघ मारायची. माझा नकाशा तुम्ही वर्गात लावला होता. म्हणूनच मी नकाशे काढण्याच्या धंद्यात आलो, असं लोकांना अजून ऐटीत सांगतो.

दुष्काळाच्या त्या लागोपाठच्या वर्षांत शहरात टँकर फिरत होते आणि जिकडेतिकडे प्लॉट पडत होते. मी ज्यांच्याकडे नकाशे काढायचो, त्यांनी खामकाठच्या एका तुकड्याचं काम माझ्याकडे दिलं. नदी ठणठणीत कोरडी. मी कुणाला विचारायला गेलो नाही. मधे ओलसर पट्टी दिसत होती तेवढीच नदी धरली, काठ आत ओढला आणि मोकळ्या झालेल्या जागेत घरांच्या दोन ओळी बसवल्या. मालक खूश झाले. शाबासकीपुढे मी विरघळतो, हा माझा जुनाच रोग.

तुम्ही कुठून तरी ऐकून ऑफिसात आलात, सायकल बाहेर लावून, घामाघूम. कागदावर बोट ठेवून हळूच म्हणालात, "चार वर्षं पाणी नाय, म्हणून नदी मेली व्हय रे? एखादं पोरगं शाळेत येईना झालं, तर मी त्याचा बाक मोडून टाकत नाय."

मालक आतून बघत होते. मी म्हणालो, "सर, शाळेतलं शाळेत ठीक आहे. इथं कामं असतात."

तुम्ही पाणी मागितलंत, अर्धा ग्लास प्यायलात आणि गेलात. मी दारापर्यंतही आलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही वारलात, तेव्हाही आलो नाही. तुमच्या घरच्यांनी मला ओळखलं असतं. त्यानंतर नदी दोनदा त्या घरांत शिरली. मला अजून त्याची लाज वाटते आणि अजून मी ती कुणाला दाखवलेली नाही.

गेल्या महिन्यात नातीच्या शाळेने मला नदीकाठची माहिती सांगायला बोलावलं. मी पोरांना चालवतो आहे, दरवाजे दाखवतो आहे, तुमची वाक्यं माझी म्हणून खपवतो आहे. त्या घरांपाशी एक मुलगी विचारते, "सर, नदीत घरं कोणी बांधू दिली?"

"काय माहीत, बाळा. लई जुनी गोष्ट आहे," मी म्हणतो. पोरं तेही वहीत उतरवून घेतात.

हा कागद मी आता फाडणार आहे. तुम्हाला सांगायचं धाडस झालं ते एवढ्यासाठीच, की तुम्ही आता त्या पोरांना सांगू शकत नाही.