व्याह्यांची गाडी, सत्काराच्या शाली आणि काकवी

शुक्रवार पेठ, सोलापूर
वैशाखातली टळटळीत दुपार

श्रीमान मानसिंगराव व्याही यांना नागनाथचा हात जोडून रामराम.

आपला उजवा डोळा आता कसा आहे? मोतीबिंदू काढल्यावर जग फार उजळ दिसते म्हणतात. पण डॉक्टरांनी काही दिवस बारकाईने बघू नका असे सांगितले असेल, तर ते अवश्य पाळावे, विशेषतः स्वतःच्या वस्तूंच्या बाबतीत. विहीणबाईंचे गुडघे, जावई शिवराजरावांचे काम आणि आमच्या ऋतुजाची तब्येत यांची खुशाली कळवावी. (ऋतुजाची रोज फोनवर कळतेच, पण लेक दिलेल्या घरी विचारायची रीत आहे.) आपण म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? तर फोनवर मी दुसऱ्या मुद्द्याला हात घातला की आपल्या जेऊरची रेंज जाते, असा माझा अनुभव आहे. कागदाची जात नाही.

विषय आपल्या गाडीचा आहे. गाडी सुखरूप आहे, हे आधी सांगतो. डोळा बरा होईपर्यंत ती आमच्याकडे राहावी, येत्या रविवारी मी तीच घेऊन यावे आणि ऋतुजाला बाळंतपणासाठी माहेरी आणावे, सोबत मागच्या सीटवर बसून विहीणबाईही पोचवायला येतील, असे आपण मोठ्या मनाने ठरवलेत. किल्ली देताना आपण एकच वाक्य बोललात : "पावणं, मागच्या शिटाला तेवढं जपा." व्याही, मी हजारोंच्या सभा गाजवल्या, पण एवढ्या थोड्या शब्दांत एवढी दहशत मला कधी जमली नाही.

मी ती सीट जपली. कशी जपली, हे सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट, आपण ती कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवली होती. गाडी घेऊन तीन वर्षे झाली तरी सीट नुकती जन्मल्यासारखी गुंडाळलेली. माझी या विषयावरची मते आपल्याला ठाऊक आहेत (साखरपुड्याला आपल्या सोफ्याच्या प्लॅस्टिकवर मी घामाने चिकटलो होतो आणि औक्षणाला उठताना जो आवाज झाला तो दोन्ही घराण्यांनी ऐकला, तेव्हापासून ती अधिकच पक्की झाली आहेत). आपला समाज वस्तू विकत घेतो आणि आयुष्यभर तिच्या वेष्टनाशी संसार करतो. रिमोट पिशवीत, फ्रिजचे हँडल रुमालात, चांगले कप कपाटात, आणि पाहुणे मात्र कानतुटक्या कपात. वस्तू वापरण्यासाठी असते. झिजणे हा तिचा सन्मान आहे. या तत्त्वाला स्मरून मी गाडी दारात येताच ते प्लॅस्टिक फाडून काढले. पेठेतली चार माणसे जमली होती, म्हणून या विषयावर थोडे बोललोही. शेजारच्या केराबाईंनी ते सारे शांतपणे ऐकले आणि प्लॅस्टिक गच्चीवर पापड वाळवायला नेले.

दुसरी गोष्ट, अक्कलकोटच्या पलीकडे एका गावात वाचनालयाची व्याख्यानमाला होती. विषय होता 'सत्काराने पोखरलेला समाज'. बरोबर विक्रीसाठी पुस्तकांचे गठ्ठे न्यायचे होते, म्हणून मागची सीट पाडून डिकीपर्यंत सलग जागा केली. (सीट अशी दुमडते हे आपल्यालाही ठाऊक नसेल, कारण प्लॅस्टिकमुळे आपण ती कधी दुमडलीच नसणार. मोठी सोय आहे.) गठ्ठे ठेवणार, इतक्यात आमची सौभाग्यवती सारजाबाई दारातून म्हणाली, "खाली काय तरी आंथरा की. लेकीच्या सासरची गाडी हाय. सुतळीनं वरखडलं तर ऐकून कुणी घ्यायचं, तुमी का ती?"

सूचना बिनविरोध मंजूर झाली. पण अंथरायचे काय? प्लॅस्टिक केराबाईंकडे गेले होते. चादर मागितली तर सारजाबाई म्हणाली, बाळंतिणीसाठी काढून ठेवलीय. मग मला माझे कपाट आठवले. व्याही, वक्त्याला लोक मानधन विसरतात, पण शाल विसरत नाहीत. नारळाचे पाणी नारळातच उकळावे अशा उन्हात मला शाली पांघरल्या गेल्या आहेत. त्या अंगावर घेववत नाहीत, कुणाला देववत नाहीत. त्या सगळ्या मी आपल्या सीटवर आणि डिकीत एकावर एक अंथरल्या. माझ्या साऱ्या कारकिर्दीचा उपयोग प्रथमच कुणाला तरी झाला. सीटला वाऱ्याचाही ओरखडा लागला नसता.

व्याख्यान रंगले. सत्कारावर मी असा तुटून पडलो की पहिल्या रांगेतल्या एकाने आणलेला हार खुर्चीखाली सरकवला. पण मी बोलत असताना बाहेर काय चालले होते? वाचनालयाचे अध्यक्ष गुरुबसप्पा यांचे उसाचे गुऱ्हाळ आहे. मी शाल घेणार नाही हे त्यांना कळले होते, म्हणून त्यांनी काकवीचा मोठा डबा भेट म्हणून गाडीत ठेवायचे ठरवले. डिकी उघडली, तर पुस्तकांचे गठ्ठे आधीच उतरवलेले आणि तळाला शाली. त्यात एक त्यांच्याच वाचनालयाने पूर्वी दिलेली, कोपऱ्यावर नाव छापलेली.

दुसरा कुणी रागावला असता. गुरुबसप्पा हळहळले. "असं कसं री सर," ते मला नंतर म्हणाले, "मानाची शाल हाय, तिच्यावर डबा ठेवायला हात कसा होईल आमचा?" त्यांनी त्या साऱ्या शाली एकेक करून उचलल्या, झटकल्या, घड्या घातल्या, पुढच्या सीटवर रचल्या, वर एक फूल ठेवले. आणि काकवीचा डबा ठेवला आपल्या उघड्या सीटवर.

दुमडलेली सीट पुढच्या बाजूने थोडी उंच राहते, हे मला पहिल्या गतिरोधकावर कळले. झाकण निघाले ते दुसऱ्यावर. पुढे रस्ता चांगला होता, म्हणून काकवी घाई न करता सगळीकडे गेली. शाली कोरड्या करकरीत घरी पोचल्या.

सारजाबाईने गाडीत डोके घातले, बोटाने थोडी काकवी चाखली आणि म्हणाली, "काकवी लई चांगली हाय. आता सत्कार मी करते तुमचा." मग गरम पाण्याने, जुन्या लुगड्याने आम्ही दोघांनी सीट पुसली. मुंग्या आल्या, त्यांना वेगळे पटवावे लागले. पण आज वरून बघाल तर डाग शोधून सापडणार नाही. वास येतो, पण तो संक्रांतीचा असल्यामुळे शुभच म्हणायचा. एकूण, सीट मी जपली.

आपला स्नेहांकित,
नागनाथ

ता. क. आपल्या गावाकडे सीटवर घालायचे जाड प्लॅस्टिक कुठे मिळते? तत्त्व म्हणून नव्हे, सहज चौकशी. केराबाई पापड संपल्याशिवाय आमचे परत देणार नाहीत, आणि त्यांना अजून कुरडयाही घालायच्या आहेत.

आणखी ता. क. सीट वरून स्वच्छ आहे असे मी लिहिले, ते खरे आहे. दुमडलेली ती पुन्हा उघडत मात्र नाही. फटीत गेलेल्या काकवीचा सोलापूरच्या उन्हाने गूळ केला आहे. आसिफ मेकॅनिकने दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि "साब, ये शीट नै, चिक्की है" असे निदान केले. पूर्ण खोलावी लागेल, रविवारपर्यंत होणार नाही. म्हणजे गाडीत तूर्त दोनच जागा : एक माझी आणि एक ऋतुजाची. तरी विहीणबाईंनी कृपया रेल्वेने यावे. जेऊरला स्टेशन आहे. मी स्वतः सोलापूरच्या फलाटावर उतरवून घ्यायला उभा राहीन, आणि कपाटातली उत्तम शाल त्यांना पांघरीन.

शेवटचे ता. क. ऋतुजाला सीटचे कळले तर ती हिरमुसेल अशी मला धास्ती होती. पण केवढी समजूतदार पोर. म्हणाली, "बाबा, दुरुस्तीची अजिबात घाई करू नका, मी परत सासरी येईपर्यंत राहू दे तशीच. सासूबाईंना रेल्वेच मानवते." आपल्या घरच्या संस्काराचे हे फळ आहे, म्हणून मुद्दाम कळवले. हे वाक्य सारजाबाईने आत्ताच वाचले आणि कपाळाला हात लावून खोडायला सांगितले. पण भर सभेत दगड आले तेव्हाही मी बोललेला शब्द मागे घेतला नाही, लिहिलेला कसा घेऊ? हवे तर विहीणबाईंना पत्र वाचून दाखवताना रेल्वेच्या फलाटापाशी थांबावे.