हॅल्वरची जागा

२९ एप्रिल

पिंप अजून उभंच. तळ्याच्या मधोमध, बर्फावर, जरासं कललेलं. ते बुडेल तो दिवस जो बरोबर सांगेल त्याला कॉफीच्या दुकानातून ब्लूबेरीचा अख्खा केक. मी यंदा काही सांगितलं नाही. दरवर्षी हॅल्वर सांगायचा आणि दरवर्षी चुकायचा.

लेकीचा, सोन्याचा, फोन. ‘‘आई, जूनच्या आत ये. तिथे आता काय उरलंय तुझं?’’ पोरगी ॲरिझोनात राहते, बर्फ म्हटलं की तिच्या अंगावर काटा येतो. बघते म्हटलं. मग तिच्या समाधानासाठी बाहेर जाऊन हॅल्वरच्या बोटीवर ‘विकणे आहे’ची पाटी लावून आले.

३ मे

पिंप बुडालं! वाऱ्याने बर्फ काठाशी लोटला. सकाळभर काचा फुटल्यासारखा आवाज.

हॅल्वर असता तर आज जेवायला थांबला नसता. वसंताचे हे सुरुवातीचे दिवस तो वॉलआय माशाकडे ढुंकून बघायचा नाही. स्मॉलमाउथ बास, बस्स. आणि त्यासाठी त्याची एक जागा होती. ती कुठे, हे कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर – ‘‘पाइन बेटाच्या उत्तरेला, मोठ्या खडकापाशी.’’ ते खोटं आहे हे सगळ्या गावाला ठाऊक. इथे माशांची जागा विचारायची रीत आहे आणि खोटी सांगायचीही रीत आहे. कुणी खरी सांगितली तर त्याची तब्येत बरी नाही असं समजतात.

त्याच्याशी चाळीसेक वर्षं संसार केला. जायच्या आधी ती जागा एकदा बघायची आहे. बाकी काही नको.

६ मे

पाटी बघून शेजारचा वर्लिन आला. हॅल्वरचा जन्माचा प्रतिस्पर्धी. नोव्हेंबरात त्याच्या शवपेटीला खांदा द्यायलाही पहिला तोच होता.

‘‘विकतेस?’’

‘‘सोन्या म्हणते.’’

‘‘सोन्या मासे धरते?’’

‘‘नाही.’’

‘‘मग तिला बोटीतलं काय कळतंय?’’

मी मनातलं सांगून टाकलं. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. ‘‘जागेचं मला विचारू नकोस बाई. मी वॉलआयवाला माणूस. बास हा काय मासा आहे? पण मोटर चालवायला शिकवतो हवं तर.’’

९ मे

सत्यानाश. धक्क्यावर सगळ्यांच्या देखत बोट पाण्यात सोडली आणि बूच लावायचं विसरले! बोटीच्या बुडाला पाणी काढून टाकायचं भोक असतं. शरदात बूच काढून ठेवतात आणि वसंतात विसरतात. गावातला एकेक जण हे करून बसलाय, पण म्हणून हसायचं कुणी सोडत नाही. घोट्यापर्यंत पाणी आलं तेव्हा मला कळलं. वर्लिन काठावरून म्हणतो, ‘‘अर्डिस, मासे बोटीतच पाळणार आहेस का?’’

घरी येऊन बूच शोधलं. हॅल्वरच्या कोटाच्या खिशात होतं. आणि बुचाला चिकटलेली एक वाळकी, पिवळी पाकळी.

मी त्या कोटात तोंड खुपसून बराच वेळ बसून राहिले.

१० मे

पाकळीने झोपू दिलं नाही. दर वसंतात तो बास धरून येताना माझ्यासाठी थर्मासच्या झाकणात पिवळी फुलं आणायचा. दलदलीतली, तेलकट चमक असलेली. मी कौतुकाने ठेवून घ्यायची. कुठून आणली, हे कधी मनातसुद्धा आलं नाही.

ती फुलं कुठेही येत नाहीत. ओढ्याचं तोंड लागतं, चिखल लागतो, ऊन लागतं. मासा कशाला शोधू? फुलं शोधते.

१४ मे

तीन ओढे पाहिले. दोन्ही गुडघे आखडले. फूल नाही, मासा नाही.

गळ मात्र टाकता यायला लागला. वर्लिनने काळ्या केसांचा झुबका लावलेला, शिशाच्या डोक्याचा गळ बांधून दिला. ‘‘पाणी गार आहे, मासा अर्धा झोपेत. हळू ओढ. आणखी हळू. आता कंटाळा आला? त्याहून हळू.’’ आणि जाता जाता – ‘‘काळ्या तळाचं पाणी आधी तापतं. सकाळचं ऊन कुठे पडतं ते बघ.’’

वॉलआयवाल्या माणसाला बासचं बरंच ठाऊक दिसतं.

१७ मे

बर्फ पडला. मे महिन्यात! सोन्याने तिच्या अंगणातल्या संत्र्याच्या झाडाचा फोटो पाठवला. मुद्दाम.

२० मे

सापडली.

पूर्वेकडच्या काठाला एक देवदार आडवा पडलाय. त्याच्यामागे काही असेल असं कुणाला वाटणार नाही. मोटर वर उचलली, वल्ह्याने ढकलत फांद्यांखालून आत गेले. आत परातीएवढंसं पाणी, काळा तळ, वरून ऊन, आणि काठभर पिवळंच पिवळं. मी वल्हं तसंच धरून बसले.

मग गळ टाकला. हळू ओढला. कंटाळा आला, त्याहून हळू ओढला. काही तरी जड लागलं. वाटलं ओंडका. ओंडका चालायला लागला! काठी वाकली, मी ओरडले, मासा पाण्याबाहेर उडाला. पितळी अंग, उभे पट्टे, लालभडक डोळे. माझ्यावर रागावलेला. हातात घेतला तर पोट अंड्यांनी तट्ट होतं. म्हणजे रागावलेली. ओल्या हाताने सांभाळून पाण्यात धरली, शेपटीचा फटका मारून गेली. बाही भिजली.

हसले, आणि मग रडू आवरेना. मोठ्याने म्हटलं, ‘‘घरापासून इतकं जवळ, आणि मला एकदा आणलं नाहीस, मेल्या!’’

थर्मासच्या झाकणात मूठभर फुलं आणली. टेबलावर ठेवली आहेत. सोन्याला दोनदा फोन लावला आणि उचलायच्या आत ठेवून दिला. जागा बघून झाली. आता जायला हरकत नाही. हे वाक्य लिहिलं खरं, पण पटत नाही.

२१ मे

वर्लिनच्या बायकोने, आयनेझने, कॉफीला बोलावलं. टेबलावर मुरंब्याच्या बरणीत तीच पिवळी फुलं. ताजी.

‘‘परवा घेऊन आला,’’ आयनेझ म्हणाली. ‘‘दरवर्षी आणतो. कुठून, ते सांगेल तर शपथ.’’

म्हणजे याला ठाऊक होतं. सुरुवातीपासून. सांगितलं असतं तर मी एकदा बघून निघून गेले असते.

वर्लिन खिडकीबाहेर बघत होता. ‘‘मिळाला का मासा?’’

‘‘मिळाला.’’

‘‘कुठे?’’

‘‘पाइन बेटाच्या उत्तरेला. मोठ्या खडकापाशी.’’

त्याने गंभीरपणे मान हलवली. ‘‘हां. तिथे असतात.’’

घरी येऊन बोटीवरची पाटी काढली.