शेवटचं दार

१४ जुलै

बारा दिवस वहीला हात लावला नाही. वेळ नाही, पेन सापडत नाही — सगळ्या थापा. लिहिलं की खरं होतं, म्हणून.

तर लिहितो. दोन तारखेला ऑफिसातल्या बॅकअपच्या डिस्कवरून मी अकरा फोल्डर उडवले.

डिस्क ९८ टक्के भरलेली, पट्टी लाल. दर महिन्याचा एक, असे बारा फोल्डर. एकेकाची साइझ बघितली तर साडेचारशे जीबीच्या आसपास! आणि डिस्क पाचशेची. बारा मावले कसे? म्हटलं, यंत्राला वेड लागलंय. तेच ते बारा वेळा कशाला? जूनचा ठेवला, बाकी साफ. पट्टी आली ९१ वर. अकरा फोल्डर गेले आणि मोकळे सातच टक्के?

१५ जुलै

अनुपमाताईंना आडून विचारलं. संस्था त्यांची. दरडीच्या भीतीतल्या वाड्यांची कागदं स्कॅन करून जपायची. माझं आयटीआय अर्धवट, तरी ठेवलं मला.

चहा गाळता गाळता म्हणाल्या, "घर एकच रे, दारं बारा. फाइल बदलली नसेल तर ती एकदाच असते, दर महिन्याला तिला नुसतं नवं दार बसतं. एक दार काढलं तरी घर जागेवर."

"मग जागा मोकळी कधी होते?"

"शेवटचं दार काढलं की. पण असं कोण करील?" — हसल्या!

म्हणजे ते सात टक्के घरं होती.

१६ जुलै

लिहवत नाही. महाडच्या बाजारात भिंतींवरच्या पुराच्या खुणा बघत फिरलो. एक माझ्या डोक्याच्याही वर.

१७ जुलै

स्कॅनची नोंदवही घेऊन जूनचा फोल्डर ताडून बघितला. आंबेनळी घाटातल्या काशीबाईची वाडी नाही! मार्चमध्ये सर्व्हर आवरताना कुणीतरी — मीच — ती पुसली होती. जुन्या महिन्यांच्या फोल्डरांत तेवढी उरली होती.

तिचा घराचा उतारा दरडीत गेला. ग्रामपंचायतीचं दप्तरही. चोवीसला पुनर्वसनाची सुनावणी आहे, उतारा दाखवला तर नव्या वसाहतीत जागा. आजच तिचा फोन. "माजा कागद हाय ना रे पोरा?"

"हाय," म्हणालो. जीभ झडली नाही.

१८ जुलै

एक आशा होती. महाडच्या पुरात ऑफिसचा पंखा बुडाला, तेव्हापासून ताईंचा नियम — एक प्रत वेगळ्या डिस्कवर, वायरशिवाय, पोलादपूरला, सयाजीगुरुजींच्या माळ्यावर. एसटीने गेलो. डिस्कवर माझंच अक्षर: "पूर्ण. ८ फेब्रुवारी."

वाडीचं नाव दिसलं. हायसं वाटलं. उघडलं. आत काही नाही.

आठवलं. त्या दिवशी कॉपी लावून दोस्त गणूच्या गाडीवरून सवला गेलो होतो, तिथल्या गरम झऱ्यात डुंबायला. परत आलो तर स्क्रीन काळी. झालं असेल म्हणून वायर ओढली. दोन्हीकडचे आकडे जुळवायचे, ते कोण बघतंय!

गुरुजी म्हणाले, "काय रे, भूत बघितलंस का?"

१९ जुलै

मोबाइलवर वाचलं. पुसलेलं लगेच जात नाही. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मग जातं. आणि त्या डिस्कवर रोज रात्री दोनला आपोआप नवीन लिहिलं जातं! सतरा रात्री. मी गप्प बसलो तितक्या रात्री तिचं घर थोडं थोडं बुजत गेलं.

धावत ऑफिसात जाऊन वायर काढली, डिस्क घरी आणली. मग ताईंना फोन. सगळं सांगितलं.

"सतरा दिवस?" ताई म्हणाल्या. मग, "पुण्यात असं काढून देणारे आहेत. निघेल की नाही, सांगता येत नाही. डिस्क कशालाही जोडू नकोस."

बॅग भरली. याआधी कऱ्हाड सोडलं, चिपळूण सोडलं, ते असंच. डिस्क ताईंच्या टेबलावर ठेवून सकाळच्या एसटीने पनवेल गाठायचं. काशीबाईचं तोंड बघायची हिंमत नाही.

२० जुलै

बॅग आणि डिस्क घेऊन दार उघडलं, तर पायरीवर काशीबाई! आंबेनळी घाट बंद, पोलादपूरपर्यंत चालत आली, तिथून टेम्पोने. ताईंनी तिला फोनवर सगळं सांगितलंय. मी शिव्या खायला उभा. तिने पिशवीतल्या भाकऱ्या बाजूला सारल्या, पदर मांडीवर पसरला.

"ती डिस का काय, हिकडं दे. गाडी लय आदळते. आन पुन्याची यष्टी कितीला हाय रे?"