चूलबंद आवतण

२ नोव्हेंबर १९८७

घरात एक वाटी शिल्लक नाही! सगळ्या वाट्या धनसिंग सरांनी बैठकीतल्या सतरंजीवर ओळीनं मांडल्यात. एक वाटी म्हणजे एक प्रसंग. जिथं तोंडाशी आलेला घास जातो, ती वाटी पालथी. प्रमिला दोनदा दारात येऊन गेली — "पोरांना वरण कशात वाढू?" सर म्हणाले, "वहिनी, आजच्या दिवस ताटात ओता. तुमच्या वाट्यांवर सिनेमा उभा राहतोय." ती हसली, पण आत जाऊन भांडी आपटलीच.

मला अजून खरं वाटत नाही. सर मूळचे शिरपूरकडचे, आता पुण्याला राहून सिनेमे करतात. भुसावळच्या स्पर्धेत माझी एकांकिका बघितली आणि थेट विचारलं — सुकदेव, जेवणावर विनोदी सिनेमा करतोय, लिहिणार का? मी दीपनगरच्या पॉवर हाऊसमधला स्टोअरचा कारकून! दिवसभर नट-बोल्ट देणारा माणूस. हो म्हणून बसलो.

३ नोव्हेंबर

सर म्हणाले, "पहिल्या वाटीत जेवण ठेवू नकोस. भूक ठेव." ऑफिसात दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

९ नोव्हेंबर

गोष्टीचं बी सापडलं — आणि तेही माझ्या गावचं! साक्रीच्या पुढे आमच्याकडे लग्नाचं आवतण दारोदार जाऊन तोंडी देतात. 'घरटी एक' म्हटलं की घरातला एकच माणूस जेवायला जातो. 'चूलबंद' म्हटलं की त्या घरची चूल त्या दिवशी पेटतच नाही. म्हातारेकोतारे, तान्ही पोरं, सगळे लग्नघरी.

आमच्या सिनेमातला पाटील यंदा हात आखडता घेतो आणि घरटी एक सांगायला लावतो. पण आवतण देणाऱ्याचा जन्म त्या घरचं चूलबंद सांगण्यात गेलेला! जीभ आपली सवयीनं वळते. इकडे वरण-बट्टीचा बेत घरटी एकाच्या अंदाजानं, आणि तिकडून निघालंय अख्खं गाव! मी हे सांगितलं तसे सर मांडीवर थाप मारून ओरडले, "यात कुणीच वाईट नाही. म्हणून हसू येणार!"

मग त्यांनी मला समजावलं. चूक एकच घ्यायची, साधी, कुणाच्याही हातून होईल अशी. पुढचं सगळं तिच्याच पोटातून निघालं पाहिजे. मधेच नवीन चूक आणली की लोक म्हणतात, हा लेखक थापा मारतोय. मी ऐकतच राहिलो. इतकी वर्षं मी एकांकिकांत दर पाच मिनिटाला एक नवीन पाहुणा आणत होतो!

१६ नोव्हेंबर

भुसावळला सरांसोबत शेवभाजी खायला गेलो. खाल्ली कमी, शिकलो जास्त. पोऱ्या आमच्या टेबलाकडे ताटली घेऊन आला — आणि शेजारच्या टेबलावर ठेवली. सर कानात म्हणाले, "तुझं तोंड बघ!" बाजूला आरसा होता. बघितलं. खरंच, पोटचं पोर कुणी उचलून नेल्यासारखं तोंड!

"हीच आपली मधली रीळं," सर म्हणाले. ताट लांबून दिसतं, जातं. मग हातात येतं, जातं. मग घास ओठाला लागतो — आणि जातो! दर वेळी आणखी जवळ. आणि जेवण फार दाखवायचं नाही. जेवणाकडे बघणारी माणसं दाखवायची. वास पडद्यावर येत नाही, पण वास आलेलं नाक येतं. देवा रे! असं कुणाला सुचतं कसं? मी घरी येताना एसटीत लोकांची नाकं बघत आलो.

आता कळतंय की भुकेलेला प्रत्येक माणूस वेगळं काही मागत असतो. सिनेमातल्या जावयाला मान हवाय, म्हातारीला तुपाची धार, पाटलाला नुसती अब्रू. बट्टी तीच. माझ्या वह्या भरत चालल्यात, झोप उडालीय, आणि असा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

२२ नोव्हेंबर

अडलो. शेवटची वाटी पालथीच.

गाव जमलंय, बट्ट्या संपल्यात, घरोघरच्या चुली थंड. आता यांना जेवू घालायचं कुणी? निर्माते जीवराम शेठ जळगावचे केळीचे व्यापारी. ते आज आले आणि चटकन म्हणाले, "त्यात काय! माझा केळीचा ट्रक गावाजवळ बंद पडतो. बठ्ठं गाव केळी खातं. खुशी!" सर मान खाली घालून वाट्या सरकवत बसले. शेठ गेल्यावर म्हणाले, "संकट बाहेरून आलेलं चालतं, सुकदेव. सुटका बाहेरून आली की सिनेमा मेला. सुटका गावातच असणार. आपल्याला दिसत नाहीये." शेठचे पैसे आहेत, आठ दिवसांत शेवट नाही मिळाला तर केळी.

२३ नोव्हेंबर

केळी. केळी. केळी.

२९ नोव्हेंबर

गावी आलो, आईकडे.

चुलीपुढे बसून आईला सगळी गोष्ट सांगितली. आमची केसरबाई म्हणजे काही चांगली ऐकणारी नाही, मधे मधे कोंबड्या हाकलत होती. जावई रुसतो तिथं खूप हसली. मी म्हटलं, "आता गावात एकही चूल पेटलेली नाही, काय करायचं?" ती म्हणाली, "का बरं नही? आमनी चेटेल शे ना!"

आमची पेटलेलीच? मला कळेना. मग तिनं मला वेड्यात काढलं. "आमले कोण चूलबंद सांगस, भाऊ? आमले सांगेत — पंगती उठन्यात का या. उरनं ते उरनं. मंग मी चूल चेटाडीसनच ठेवू."

आमचा बौद्धवाडा गावाच्या कडेला. आवतण देणारा आमच्या गल्लीपर्यंत कधी आलाच नाही. मला हे माहीत नव्हतं का? लहानपणी मीच त्या शेवटच्या पंगतीची वाट बघत आईच्या भाकरीवर पोट भरलंय! आणि गोष्ट रचताना 'अख्खं गाव' लिहिलं, आणि त्यात मी स्वतःच नव्हतो! संताप आला. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त थक्क झालो. शेवट गोष्टीत पहिल्यापासून होता. गावभर चुली विझल्या असतील तर पेटलेली चूल एकाच गल्लीत असणार. भुकेलं गाव, पुढे पाटील, मागे रुसलेला जावई, सगळे भाकरी मागायला आमच्या दारात! ट्रक नको, देव नको. एका चुकीतून सरळ इथपर्यंत वाट येते.

१ डिसेंबर

सरांना सांगितलं. त्यांनी शेवटची पालथी वाटी उचलली, सुलटी ठेवली आणि डोळे पुसले. "हे लोक हसत हसत दारापर्यंत येतील," म्हणाले, "आणि दारात त्यांचं हसू थांबेल. मग घास घेतील. याच्यापुढे मला सिनेमातलं काही येत नाही."

शेठ मात्र हादरले. "गाववाले चिडतील. थेटर कोण देईल?" शेवटी ठरलं ते असं — शूटिंग माझ्याच गावात. गावच्या माणसांनी आमच्या वस्तीत बसून, कॅमेऱ्यासमोर, खरोखर भाकरी खाल्ली तर हा शेवट राहणार. नाही खाल्ली तर केळी.

४ डिसेंबर

खातील का?

१३ फेब्रुवारी १९८८

गावात जत्रा भरल्यासारखं झालंय. आमच्या गावचा भिकन खरंच आवतणं देतो. सिनेमातल्या नटाला हाळी कशी द्यायची ते तोच शिकवतोय. नटाचं काही जमेना तेव्हा भिकन म्हणाला, "पोटमाईन हाक मार, भो! ती काय रेडिओ शे?" सगळे हसले.

आई उद्या पहाटेपासून थापणार. ज्वारीच्या भाकऱ्या, ठेचा. उद्या शेवटचा प्रसंग. पाटलाच्या जागी नट आहे, पण मागे बसणारे सगळे गावचे. त्यात अभिमन आबाही — गावातलं मोठं घर. ते बसले तर सगळे बसतील.

१४ फेब्रुवारी

खाल्ली! सगळ्यांनी खाल्ली! आबांनी पहिला घास घेतला, मागोमाग ओळच्या ओळ. एकानं ठेचा लागून पाणी मागितलं ते गोष्टीत नव्हतं, सरांनी तसंच ठेवलं. शेठनं सगळ्यांसमोर मला मिठी मारली. "शेवट तुझा," म्हणाले. वाट्यांच्या ओळीतून सुरू झालेली गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत माणसांच्या तोंडात गेली. मी भिंतीला टेकून रडलो, लाज नाही वाटली.

१५ फेब्रुवारी

आईच्या घरात कोपऱ्यात फडक्याखाली भाकऱ्यांची चवड तशीच आहे. कालची.

विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "आबा बोलनात, सिनेमामा खासूत, पन भाकरी आमना घरनी लई या." शेठच्या माणसानं आबांच्या घरून पाट्या आणवल्या, आईच्या काढून ठेवल्या. सरांना पत्ता नव्हता. मला नव्हता. आईला होता — ती चुलीपुढे बसून वाढण्याचं काम करत होती! परक्या भाकऱ्या वाढत होती!

"सांगितलं का नाहीस?"

"तुनं इतकं चांगलं चालू व्हतं, भाऊ. आनि पिच्चरमा कोणले समजस, भाकरी कोना घरनी शे?"

सरांना जाऊन सांगितलं. ते तसेच उठून आले, आईपुढे मांडी घालून बसले आणि त्या शिळ्या भाकऱ्यांतली दीड भाकरी ठेच्याशी खाल्ली. नंतर आबांच्या दारात जाऊन काय बोलले ते मला सांगितलं नाही. परत आले ते लाल तोंडानं. प्रसंग पुन्हा घेता येणार नाही, रीळं संपलीत, नट परत गेलेत. सिनेमात तो घास खराच दिसणार. रचना इतकी पक्की आहे की कुणालाही शंका येणार नाही. याचीच मला आज भीती वाटतेय.

३ मार्च

पुण्याहून सरांचं पत्र. रिळांची जोडणी चालू आहे. शेवटाला बघणारे गप्प होतात म्हणे. मला आनंद व्हायला पाहिजे.

२ मे

रजा काढून गावी आलोय. सकाळी भिकन दारात. आमच्या दारात! "केसरमाय, अभिमन आबानी नातनं लगीन शे. आज सांजले, चूलबंद!"

आई त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिली. "कॅमेरा कोठे शे?"

"कॅमेरा नही, माय. खरं लगीन शे. आबानीच सांगेल शे."

सिनेमात मी तिला तिथंच चुलीवर पाणी ओतायला लावलं असतं. तिनं तिसऱ्या प्रहरी चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या, परातीखाली झाकून ठेवल्या. मग ठेवणीतलं लुगडं नेसली आणि मला म्हणाली, "चाल."