भट्टीच्या आलेखात न दिसलेले ठिपके

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

पत्रात आधी खुशाली लिहायची असते, म्हणून लिहिते. आई बरी आहे, तिचा गुडघा तिच्याइतकाच हट्टी आहे. बाबांचं नंतर सांगते. त्यांच्याशी भांडून गेल्यापासून तू कुणाचाच फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या मित्राच्या हाती देते आहे. बाकी काही वाचलं नाहीस तरी चालेल, पण सोमवारी त्या कबुलीच्या कागदावर सही करू नकोस.

काल चौकशी समितीने काचभट्टीच्या तापमानाचा आलेख परत मागवला. तोच, ज्यात रेघ शहाण्या मुलीसारखी मर्यादेखालून चालते. त्याच्यावर बोट ठेवून सगळे म्हणाले, तू उगाच घाबरून भट्टी विझवलीस आणि आतली काच गोठवलीस. कारखान्यातलं माझं कॉम्प्युटरचं मशीन नुकतंच बदललंय. त्यावर रेघ अगदी फिकी आली, म्हणून मी सहज प्रत्येक नोंदीवर ठिपका मागितला.

दादा, मर्यादेच्या वर ठिपके आले. सुटे, अधांतरी.

तापमापक मधूनमधून बंद पडत होता. एखादी नोंद यायची, मग काहीच नाही, मग परत एखादी. रेघ लागोपाठच्या दोन नोंदींमध्येच ओढली जाते. एकट्या नोंदीला रेघ कुठून येणार? आणि आमच्या जुन्या मशीनवर सॉफ्टवेअर उघडलं की आधी आलेख कसा दिसावा ते ठरवणारी एक छोटी फाइल चालते: रेघ जाड, निळी, ठिपके बंद. इतकी वर्षं ती आहे हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं, माझ्यासुद्धा. तू खरं बोलत होतास. भट्टी भडकली होती. तू विझवली नसतीस तर खाली काम करणारी माणसं... मला पुढचं लिहवत नाही.

फाइल कुणाची, हे विचारशीलच. बाबांची. ते विभागप्रमुख असतानाची, त्यांच्या नावासकट. आठवतं ना, ठिपके दिसले की म्हणायचे, हा आलेख आहे की माशा बसलेला कागद?

मी धावत घरी गेले. वाटलं, ज्यांनी तुला भरल्या ताटावरून भेकड म्हणून उठवलं, ते आता कपाळाला हात लावतील. ते शर्टाला इस्त्री करत होते. सगळं ऐकून घेतलं, बटण बंद केलं आणि म्हणाले, "ठिपके लावून आलेख देऊन टाक. ती फाइल पुसून टाक. माझं नाव कशाला त्यात?"

आपले बाबा, दादा. मला अजून खरं वाटत नाही.

फाइल पुसली असती तर समिती म्हणाली असती, बहिणीने भावासाठी ठिपके मुद्दाम घातले. म्हणून आज सकाळी ती जशीच्या तशी पाठवली, आणि पाठवल्याचं बाबांना तोंडावर सांगितलं. ते उठून आतल्या खोलीत गेले. दार लावून घेतलंय. मला अजिबात पश्चात्ताप नाही, पण रडू आवरत नाही.

त्यांनी बोलणं टाकलेली मुलं आता दोन झाली. सोमवारी समितीपुढे ताठ मानेने उभा राहा, मग घरी ये. ते दार मला एकटीला वाजवायचा धीर होत नाही.

तुझ्यावर तेव्हाच विश्वास ठेवायला हवा होता अशी,
तुझी धाकटी