घोडीच्या कानात काय सांगितलंस

नाही पप्पा, हे मला अजून पटलेलं नाही. जनावराला म्हणे आत्मा नसतो, नुसता जीव असतो, आणि तो एकदा गेला की पंक्चर झालेल्या ट्यूबमधल्या हवेसारखा गेला. किती वेळा सांगितलंस तू हे मला. घोडीला खरारा करताना, तिच्या खुरातला चिखल खरवडताना, तिच्या पोटाला पाठ टेकून सकाळचा चहा पिताना. जिच्यात आत्मा नाही तिला टेकून माणूस रोज एवढ्या आरामात चहा कसा पितो, असं मी विचारलं तर म्हणायचास, "भिंतीला पण टेकतो मी. भिंतीला आत्मा आहे काय रे?" तुझ्याशी वाद घालायचा म्हणजे शेवटचं वाक्य तुझंच. आता तुला जाऊन सात वर्षं झाली, म्हणून एकदाच मी बोलतो आणि तू ऐक.

शाळेत मी कसा होतो ते तुला माहीत आहे, नववीत सुटलो. पण रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतरच्या धर्माच्या वर्गाला मी न चुकता जायचो, कारण मागे बिस्किटं मिळायची. तिथे एकदा टीचरला विचारलं, आमची घोडी स्वर्गात जाईल का. सगळी पोरं हसली. टीचर म्हणाली, घरी विचार. घरी विचारलं तर तू म्हणालास, "टीचरला माहीत नाही ते टांगेवाल्याला कसं माहीत असणार?" आणि मग लगेच सांगितलंसच. देवाने माणसाच्या नाकात स्वतःचा श्वास फुंकला. जनावरांना नुसतं म्हणाला, व्हा. ती झाली. श्वास फुंकला नाही. आई चुलीवर घोडीचे चणे शिजवत होती, ती वळून पण न बघता म्हणाली, "मग थंडीत तिच्या नाकातून निघते ती काय चहाची वाफ?" तू म्हणालास, तू चणे बघ. आई म्हणाली, चणेच बघते, जिला श्वास नाही तिचेच.

आणि तो गाड्यांचा रविवार. गावच्या सणाआधी फादर चर्चसमोर सगळ्या गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडायचे, तो. त्या वर्षी पहिल्यांदा रिक्षा जास्त होत्या आणि टांगे दोनच. तोवर कसं होतं, बोरिवलीहून लाँच खाडी ओलांडून गोराईच्या जेट्टीला लागली की उतरलेली माणसं सरळ टांग्याकडे यायची. बीचवर जाणारी, देवळात जाणारी, नुसती हवा खायला आलेली जोडपी. आता शेअर रिक्षा आल्या होत्या आणि त्या चालवणारी आपल्याच गावातली पोरं होती. मी टांगा धुऊन पुसून झकास केला होता, घोडीच्या कपाळावर झेंडूची माळ बांधली होती. चर्चपाशी पोचलो आणि तू तिला सोडलीस, लांब चिंचेखाली नेऊन बांधलीस, आणि रिकामा टांगा रिक्षांच्या रांगेत हाताने ओढत आणलास. पोरं काय सोडतात? एकजण म्हणाला, "अंकल, इंजिन तिकडे राहिलं." दुसरा म्हणाला, "पीयूसी नसेल तिचा." तू पण हसलास त्यांच्याबरोबर. माझी मात्र वाट लागली. रिक्षांवर पाणी पडलं, मोटारसायकलींवर पडलं, एकाने सायकल आणली होती तिच्यावर पण पडलं. फादर म्हातारे होते, सगळं झाल्यावर बादलीत उरलेलं पाणी बघून चिंचेकडे बोट करून म्हणाले, "तिला का रे लांब ठेवलीस?" तू म्हणालास, "फादर, ती पाण्याला बुजते." खोटं. धो धो पावसात खाडीच्या रस्त्यावर गुडघाभर पाण्यातून आणायची ती टांगा.

येताना मी तुझ्याशी भांडलो. टायरला आत्मा आहे आणि हिला नाही काय, असं काहीतरी बोललो. तू रागावला नाहीस, समजावलंस. म्हणालास, गाडीत आत्मा असतो म्हणून पाणी नाही मारत, गाडीत माणसं बसतात म्हणून मारतात. म्हटलं, मग ही कोणाला ओढते, बटाट्यांना? तेव्हा मात्र कानाखाली बसली. लागलं नाही फार. पण त्या दिवसापासून मी मनात धरलं की तुला सगळं कळतं आणि तू मुद्दाम कबूल करत नाहीस.

दोन वर्षांनी तू तिला विकलीस. मी सतरा वर्षांचा. दिवसाला दोन फेऱ्या मिळायच्या, त्यात चणे, कोंडा, गवत आणि नाल ठोकणारा यांचं भागत नव्हतं. हे मला आज समजतं, तेव्हा समजत नव्हतं. शिवाय तिचा मागचा पाय धरला होता. भिवंडीकडून व्यापारी आला टेम्पो घेऊन. म्हणाला, नाशिकला लग्नाच्या वरातीत लावतो. तू मान हलवलीस. चौदा वर्षांची लंगडी घोडी वरातीत कोण घेतं, ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. ती फळीवर पाय ठेवेना. दोघांनी पुढून ओढलं, एकाने मागून काठी उगारली. तू म्हणालास, थांबा. पुढे झालास, मानेवर हात ठेवलास, तोंड तिच्या कानाला लावलंस आणि काहीतरी बोललास. ती चढली. टक टक टक, जेट्टीचा उतार चढावा तशी. मागे वळून तू मला म्हणालास, तिथे लीद पडलीय, पाणी मार. मी म्हणालो, "आत्मा नाही ना तिला? मग कानात कोणाशी बोललास?" तू म्हणालास, "आंघोळ करून घे," एवढंच.

त्यानंतर तू चहा घरात खुर्चीवर बसून प्यायला लागलास आणि एका रिसॉर्टच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा राहू लागलास. मी तुझ्याशी कामापुरतं बोलायचो. एकोणिसाव्या वर्षी इकडे आलो. वर्षभरात तू गेलास, सुट्टी मिळाली नाही, तुझी माती मी फोनवर बघितली. चुलतभावाचा हात हलत होता, त्यामुळे अर्धा वेळ आभाळच दिसलं.

इकडे म्हणजे मस्कतच्या बाहेर, घोडेस्वारी शिकवण्याची शाळा आहे. सोळा घोडे. नववी नापासाला दुसरं काय येत होतं, तूच शिकवलेलं येत होतं. इथे सगळ्या देशांची माणसं आणि आत्म्यावर बोलायला सगळ्यांना आवडतं, वेळ बक्कळ. एक बलुची चाचा आहे, पन्नाशीचा. तो म्हणतो, कयामतच्या दिवशी जनावरंसुद्धा उठणार. शिंगवाल्या बकऱ्याने बिनशिंगवाल्याला मारलं असेल तर त्याचाही निवाडा होणार, आणि मग अल्ला त्यांना सांगणार, माती व्हा. म्हटलं, मग आपण यांना मारलं असेल तर? म्हणाला, "तोच निवाडा आधी. म्हणून पाणी आधी त्यांना, मग तुला." एक बिहारमधला, छपऱ्याचा भाई आहे, त्याचं सोपं आहे. आत्मा एकच, कपडे बदलतो. मला म्हणतो, "नीट खरारा कर, पुढच्या जन्मी तू आत असशील आणि हा ब्रश घेऊन बाहेर." आणि घोड्यांच्या डॉक्टर मॅडम केरळच्या. जन्माने आपल्यातल्याच, पण चर्च कधीच सोडलं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "माणसं कापून बघितली तरी कुणाला आत्मा सापडलेला नाही, मी घोड्यात कुठे शोधू? पण इकडे ये." माझं बोट धरून त्यांनी घोड्याच्या पायाच्या सुजलेल्या नळीवर हलकेच टेकवलं. त्याची कातडी खांद्यापर्यंत थरारली. "हे आहे," म्हणाल्या. "याचं काय करायचं ते बोल."

तो घोडा म्हणजे आमचा सगळ्यात म्हातारा. पांढरा, बावीस वर्षांचा. इथल्या दोन पिढ्यांची पोरं त्याच्यावर बसायला शिकली. आता पाय गेला. मॅनेजर हैदराबादचा आहे, वाईट माणूस नाही, पण तो म्हणाला, बसून खाणारा परवडत नाही, गुरुवारी ट्रक येईल. गुरुवारी सकाळी ट्रक आला. घोडा फळीवर पाय ठेवेना. मॅनेजर म्हणाला, तुझं ऐकतो, तू चढव.

मी पुढे झालो. मानेवर हात ठेवला. तोंड कानाला लावलं, आणि काय बोलायचं ठरवलेलं नव्हतं, तर तुझंच आलं तोंडात. "चल गो बाय, चल, घरी जायचंय." घोडा नर, देश अरबांचा, आणि मी त्याला गोराईच्या बोलीत बाय म्हणतोय. आणि त्याने पुढचा पाय उचलून फळीवर ठेवला.

पप्पा, दहा वर्षं मला वाटत होतं की तू तिची माफी मागितलीस, नाहीतर देवाचं नाव घेतलंस. काही नाही. संध्याकाळच्या शेवटच्या लाँचनंतर टांगा वळवताना रोज म्हणायचास तेच तू म्हणालास. वेगळं काही बोलला असतास तर आवाज हलला असता, आणि हललेल्या आवाजावर ती चढली नसती. तिला वाटलं, घरी चाललोय. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि हातातली दोरी जड झाली. मी त्याला मागे घेतला.

मॅनेजर म्हणाला, "क्या हुआ? चढ तो रहा था."

म्हटलं, तो चढत होता. मी नाही चढवत.

"आणि चारा कोण घालणार? तुझा बाप?"

म्हटलं, बाप नाहीये. मी घालतो.

तो हसला, मग हसायचा थांबला, मग ट्रकवाल्याला थोडे पैसे देऊन परत पाठवला. ठरलं ते असं. मागची पडकी खोली त्याच्यासाठी मी नीट करायची, चाऱ्याचा अर्धा खर्च माझ्या पगारातून, आणि ज्या दिवशी मॅडम म्हणतील की आता याला फार दुखतंय त्या दिवशी इथेच, आमच्या हातात, इंजेक्शन. ट्रक नाही. मॅडमनी औषध स्वतःकडून लावलं. चाचाने न विचारता महिन्याचा एक गवताचा गठ्ठा स्वतःच्या नावावर लिहायला सांगितला. आणि मजा बघ, ज्याच्या धर्मात घोड्याला सगळ्यात पक्का आत्मा आहे तो छपऱ्याचा भाई एकटाच म्हणाला की चूक केलीस, सुटला असता बिचारा, नवा जन्म मिळाला असता. त्याच्याशी अजून भांडण चालू आहे. पण खोलीचे पत्रे ठोकायला शिडी त्यानेच धरली.

तर आत्मा आहे की नाही ते मला अजून माहीत नाही. आम्ही चौघं बसलो की चार उत्तरं होतात आणि घोडा मधे उभा राहून चघळत असतो. मला एवढंच वाटतं, कानात बोललेलं ज्याला पोचतं आणि त्यावर जो पाय पुढे टाकतो, त्याच्या आत ऐकणारं कोणीतरी आहे. त्याला तू जीव म्हण, मॅडम नस म्हणू देत. तुला पण ते माहीत होतं. तू ते नाही म्हणायचास, कारण हो म्हटलं असतं तर त्या दिवशी तिला टेम्पोत चढवता आलं नसतं, आणि चढवली नसती तर खायला काय घालणार होतास? तुझ्या वेळी चाऱ्याचे पैसे कापून घ्यायला पगारच नव्हता. मला आहे. तुझ्या-माझ्यात फरक असलाच तर एवढाच, आणि तो मी दहा वर्षं फार मोठा समजत होतो.

तुझं चुकलं असेल तर ती तुला वर भेटली असेल. भेटल्यावर आधी तुझ्या खांद्याला कडकडून चावली असेल, मग टेकू दिलं असेल. मी अशी आशा धरून आहे.

आज सकाळी म्हाताऱ्याने चार पावलं न लंगडता टाकली. मॅडम म्हणाल्या, फार खूश होऊ नकोस. मी झालो.

हे पत्र कुठे टाकणार, पेटीतच ठेवतो. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला फोनवर म्हटलं की ओव्हरटाइम बंद झालाय. ती म्हणाली, तब्येत सांभाळ, पैशाचं राहू दे. दर महिन्याला अठरा हजार जायचे, आज पाठवले ते साडेचौदा हजार.